सोनेरी ड्रिल घेताना : टायटॅनियम नायट्राइडची ओळख

हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल, टॅप आणि कटर सर्रास दिसतात. आपले अनेक बांधव लेथ, मिलिंग व डाय-मोल्डच्या कामात आहेत, काही हत्यारांचा व्यापार करतात. म्हणून या सोनेरी थराची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हा थर टायटॅनियम नायट्राइड या सिरॅमिकचा असतो. निर्वात भट्टीत टायटॅनियमची वाफ करून नायट्रोजन वायू सोडतात व हत्यारावर साधारण २ ते ४ मायक्रॉनचा थर बसतो. केसाच्या जाडीचा तो दहावा भागही नसतो. मात्र हायस्पीड स्टीलची कठीणता विकर्स मापात सुमारे ८५०, तर या थराची २,००० च्या वर असते. घर्षण कमी होते आणि पोलादाची चिप धारेला सहसा चिकटत नाही. भट्टीचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आत ठेवल्यास हायस्पीड स्टीलचे पाणी उतरत नाही.

आता मर्यादा पाहू :

१) कापताना धार ५००-६०० अंशांच्या पुढे तापली, तर थराचे ऑक्सिडेशन होते. कूलंट न वापरता वेगाने कापायचे असेल, तर टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर अधिक टिकतो.

२) मऊ पोलादावर हा थर चढवून फायदा नाही. दाबाने तळ दबतो आणि थर तडकतो.

३) ड्रिलला पुन्हा धार लावली की टोकाचा थर जातो. खाचेतला थर राहतो, त्यामुळे थोडा फायदा मिळत राहतो.

४) ब्रेझिंग केलेले हत्यार कोटिंगला देताना तसे आधी सांगावे. जोडात जस्त किंवा कॅडमियम असल्यास निर्वात भट्टीत त्याची वाफ होते व माल बिघडतो.

व्यापारी बंधूंनी एक ध्यानात ठेवावे. पोलाद तापवूनही सोनेरी छटा आणता येते, तेव्हा केवळ रंगावरून कोटिंग आहे असे गिऱ्हाइकाला सांगू नये. घड्याळाच्या केसवरही हा थर देतात. त्यात सोने नसते, पण काही मालात त्यावर खऱ्या सोन्याचा पातळ थर असतो. सोने न वापरणारे पुरुष गिऱ्हाईक विचारतील, तेव्हा पुरवठादाराकडून खात्री करूनच उत्तर द्यावे.

कारागिरांनी किमतीऐवजी दर छिद्राचा खर्च काढावा. समजा, साधा ड्रिल ४० रुपयांचा व छिद्रे २००, तर खर्च २० पैसे. कोटिंगचा १०० रुपयांचा व छिद्रे ८००, तर साडेबारा पैसे. आधी दोन-चार नग आपल्याच कामावर चालवून छिद्रे मोजावीत, मगच मोठी खरेदी करावी.