फवारणीच्या टाकीतील डास

द्राक्षबागायतदार बंधूंनो, भुरी, केवडा आणि फुलकिडे यांचा बंदोबस्त आपण वेळापत्रक लावून करतो. फवारणीच्या टाकीतच वाढणारी एक कीड मात्र दुर्लक्षित राहते. ती म्हणजे एडिस डास.

डास म्हटला की पावसाळा आठवतो. परंतु 2006 साली मालेगावात चिकुनगुनियाची साथ पसरली ती मार्च महिन्यात, आणि रुग्णसंख्या दोन हजारांवर गेली. राज्यात त्यापूर्वीची मोठी साथ 1973 मध्ये बार्शीला होऊन गेली होती. तीस वर्षे दबलेला रोग ऐन द्राक्षकाढणीच्या दिवसांत उठला! यात ताप थोड्या दिवसांत उतरतो, पण कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखतात. घड काढणाऱ्याच्या बोटांचे सांधे धरले तर हंगाम हातचा जातो.

हा डास गटारापेक्षा स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. डेंग्यूही तोच पसरवतो. मादी पाण्याच्या रेषेलगत ओल्या भिंतीवर अंडी घालते. अंडी, अळी, कोष, प्रौढ हा जीवनक्रम उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. निफाडकडे थंडीत पारा उतरला की तो लांबतो, एवढेच. सुकलेली अंडी काही महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. 2007 मध्ये इटलीसारख्या थंड देशातही चिकुनगुनियाची साथ आली, ती एडिसच्याच दुसऱ्या जातीमुळे.

म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. दोनशे लिटरचे ड्रम, सिमेंटची टाकी, रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून आतील भिंत काथ्याने घासावी, कोरडी करावी, मगच भरावी. झाकण नसल्यास जुने शेडनेट चालणार नाही. त्याची भोके मोठी असतात. जाड सुती कापड घट्ट बांधावे. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत, मात्र त्यात औषध कालवू नये. पिकावरील कीटकनाशक घरात फवारणे किंवा अंगाला लावणे हा आडदांडपणा काही ठिकाणी दिसतो. तो जिवावर बेतू शकतो.

विरळणी-डिपिंगच्या वेळी मजुरांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरीन किंवा इतर अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे, भरपूर पाणी प्यावे, आणि रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, म्हणजे त्याला चावलेला डास शेजाऱ्याकडे रोग नेणार नाही.