काजूच्या पालवीत हुमले असू द्या

परतीचा पाऊस ओसरला की कोकणात आणि गोव्यात काजूला तांबूस पालवी फुटू लागते. तिच्या मागोमाग येतो ढेकण्या, म्हणजेच टी मॉस्किटो. पिल्ले आणि प्रौढ दोघेही कोवळ्या शेंड्यातला, पुढे मोहोरातला आणि कोवळ्या बीतला रस शोषतात. डंखाच्या जागी काळपट चट्टे पडतात, शेंडा वाळतो. फवारणीचा पंप बाहेर काढण्याआधी बागेत एक फेरी मारा. पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, म्हणजे हुमले, ज्या झाडांवर असतील त्यांच्या खोडाला खुणेसाठी चुन्याचा पट्टा ओढून ठेवा.

या मुंग्यांना झाड स्वतः खाऊ घालते. काजूच्या पानांवर, मोहोरावर आणि वाढत्या बीवरही मधुरसाच्या बारीक ग्रंथी असतात. परागीभवनाशी त्यांचे काही देणेघेणे नाही. पानात तयार झालेली साखर झाडभर नेणाऱ्या वाहिन्यांतलाच गोड रस तिथून पाझरतो. साखरेच्या जोडीला त्यात थोडी अमिनो आम्ले असतात. रस पाझरतो तो मुख्यतः कोवळ्या भागांवर. म्हणजे ढेकण्या जिथे डसणार, नेमकी तिथेच मुंग्यांची वर्दळ. कपाशीतही ही सोय आहे: पान उलटून मधली शीर पाहा, खोलगट ग्रंथी दिसेल. अळीने पाने कुरतडली की कपाशी हा रस वाढवते.

झाड देते ती मात्र मुख्यतः साखर. मुंग्यांच्या अळ्यांना प्रथिने लागतात आणि ती किडींच्या शिकारीतूनच येतात. आपला फायदा आहे तो इथे.

म्हणून पट्टा ओढलेल्या झाडांवर कीटकनाशक मारू नका, घरट्यांच्या फांद्या छाटू नका. बाकीच्या झाडांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पाळा. फवारताना वाऱ्याची दिशा बघा. एकाच वसाहतीची झाडे दूर असतील तर सुतळीने किंवा बांबूच्या कामटीने जोडा. दक्षिण चीनमधले संत्रा-बागायतदार असे बांबूचे पूल बांधत आले आहेत. दोन वेगळ्या वसाहती मात्र जोडू नका, मुंग्या आपसातच लढून मरतील.

हुमले साधुसंत नाहीत. पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा मिळाला की ते त्या किडीलाही सांभाळतात. ती कीड लागलेला शेंडा दिसताच कापून बागेबाहेर न्या. खोड पोखरणाऱ्या रोठ्यासाठी हुमल्यांच्या भरवशावर राहूच नका. बुंध्याशी भुसा किंवा डिंक दिसतो का, ही पाहणी नेहमीप्रमाणे चालू ठेवा.

मजूर चाव्याची तक्रार करतील, आणि ती रास्त आहे. काजूत त्याचा त्रास कमी, कारण बी बहुधा खाली पडल्यावर वेचली जाते. आंब्याच्या कलमांवर चढून काढणी करायची असेल, तर हुमले ठेवावेत की नाही हे काढणी करणाऱ्यांना विचारूनच ठरवा.