एका घरात दोन चुली

भवानीनगरच्या आमच्या घरात एक जुना लॅपटॉप आहे. त्यातील विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ त्याला पेलवत नाही. मित्र म्हणाला, "जुने पुसून टाक आणि लिनक्स घाल." लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थिदशेत आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, आपल्या सी-डॅकनेही तिच्यावरच 'बॉस' उभारली आहे.

परंतु पुसायचे कसे? आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी त्याच संगणकात श्रीलिपीत टंकित केल्या आहेत. आजी आता नाही. त्या जुन्या टंकांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. टंक नसेल तर ओवीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. रूपांतराची साधने आहेत. पण रफार व जोडाक्षरे यांत चुका राहतात. म्हणून मी दोन्ही प्रणाली ठेवायचे ठरवले.

वाचकहो, ही शेताच्या वाटणीसारखीच गोष्ट आहे. आधी ओव्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. ही पायरी कोणीही गाळू नये. मग विंडोजमधूनच तिचा हिस्सा आकसून रिकामी जागा काढली. 'फास्ट स्टार्टअप' बंद केले; ते चालू असता विंडोज पुरती बंद होत नाही आणि तिच्या हिश्शात लिनक्सने लिहिणे धोक्याचे ठरते. चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. पुढे पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवताना दोन पर्याय समोर आले: 'सगळी चकती पुसा' आणि 'विंडोजच्या शेजारी बसवा'. तेथे माझे बोट बराच वेळ थबकले होते, हे कबूल करतो.

आता संगणक सुरू होताच 'ग्रब' नावाचा द्वारपाल विचारतो, कोणाकडे जायचे?

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. सकाळी दहाला विंडोज उघडली, तर घड्याळात साडेचार! लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक समजते. आपला फरक साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्याची आज्ञा दिल्यावर भांडण मिटले.

दोन्ही चुली एकाच वेळी पेटत नाहीत, एवढीच अडचण. म्हणून विंडोजमध्ये ओवी वाचून वहीत उतरवतो, संगणक पुन्हा सुरू करतो आणि लिनक्समध्ये ती युनिकोडात टंकित करतो. रोज रात्री दोन-तीन होतात. एखादा शब्द अडला तर आत्याला फोन लावतो. ती तो गाऊनच सांगते.