आजीने लिहिलेल्या आठवणी

तुमच्या घरी दादी किंवा नानी असेल, तर 1972 सालच्या दुष्काळाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या वर्षी बीड जिल्ह्यात पाऊस पडला नाही. माणसे रस्त्याच्या आणि तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची. अशा गोष्टी आजी सांगतात, आपण ऐकतो. पण त्या लिहून कोण ठेवतो? शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका आजीने मात्र त्या लिहून ठेवल्या. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. त्यांचे वडील सोवळ्याचे फार कडक होते. सोवळे म्हणजे शुद्धतेचे, पाकीचे नियम. बाजारातून आणलेले मीठसुद्धा ते धुऊन घ्यायला लावीत! मीठ धुतल्यावर किती उरत असेल, याचा तुम्हीच विचार करा. अशा घरात मुलीला शाळेत कोण पाठवणार?

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. जखमी पक्षिणीवरची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता लिहिणारे कवी ते हेच. टिळक मनाने मोठे होते, पण त्यांच्याबरोबर संसार करणे सोपे नव्हते. हातात पैसा आला की तो गरजू माणसाला देऊन टाकीत. घरात उद्या काय शिजणार, हा प्रश्न त्यांना पडत नसे. कधी राग येई, तर कधी काही न सांगता घर सोडून दूर गावी निघून जात. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई कधी माहेरी, कधी सासरी, तर कधी बहिणीकडे दिवस काढीत. याच टिळकांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, हेही खरे.

1895 साली टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काळी अशा माणसाशी घरचे लोक सगळा संबंध तोडून टाकीत. पदरात लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. नातेवाईक एक सांगतात, मन दुसरेच सांगते. अशी चार-पाच वर्षे गेली.

शेवटी त्या टिळकांकडे गेल्या. टिळक तेव्हा अहमदनगर भागात काम करीत होते. आपल्या आष्टी तालुक्याची हद्द ओलांडली की तो जिल्हा लागतो. आज त्याचे नाव अहिल्यानगर आहे. त्या काळी मात्र ही हद्द दोन राज्यांची होती. बीड निजामाच्या राज्यात आणि नगर इंग्रजांच्या. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, तरी त्यांनी आपले नियम सोडले नव्हते. त्यांचा स्वयंपाक वेगळा आणि पाणी वेगळे असे. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. मग हळूहळू लक्ष्मीबाईच विचार करू लागल्या. माणसामाणसांत हा उच्च आणि तो नीच, असे कोणी ठरवले? उत्तर मिळेना. तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. ज्या मुलीच्या माहेरी मीठ धुतले जाई, तिने हे ठरवले! मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे धाडस हेच वाटते. पुढे 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

याच सुमारास देशात मोठा दुष्काळ पडला होता. टिळक पती-पत्नींनी अनाथ मुलांना आपल्या घरात आणले. पैसे तर पूर्वीसारखेच नव्हते. तरी घर भरलेले असे.

1919 साली टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. पुढे त्या मुलाबरोबर कराचीला राहायला गेल्या. आज कराची पाकिस्तानात आहे. त्या वेळी मुंबईहून कराचीला आगबोटी जात आणि तेथे पुष्कळ मराठी कुटुंबे राहत होती.

मुलगा देवदत्त, म्हणजे पूर्वीचा दत्तू, याला वडिलांचे चरित्र हवे होते. त्याने आईला आठवणी लिहायला सांगितले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई कागद, दौत आणि कलम घेऊन बसली. (हे तिन्ही शब्द तुम्ही उर्दूतही ओळखाल.) त्यांनी मोठे, कठीण शब्द शोधले नाहीत. चुलीजवळ बसून सांगावे, तसे लिहिले. आधी साप्ताहिकात आणि मग 1934 पासून 'स्मृतिचित्रे' या नावाने चार भागांत त्या आठवणी छापल्या गेल्या. नवऱ्याची गोष्ट सांगता सांगता त्यात त्यांची स्वतःचीच गोष्ट आली. नवऱ्याच्या रागाचे वर्णन करताना त्या हसतात आणि स्वतःच्या वेडेपणाला तर जास्तच हसतात. रडण्यासारख्या प्रसंगावरही वाचणाऱ्याला हसू येते. आज हे पुस्तक मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य अपुरे राहिले होते. तेही लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले. 1936 साली त्यांचे निधन झाले. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग त्यांच्यामागे निघाला.

सगळे आठवणीतून लिहिलेले असल्यामुळे पुस्तकात कितीतरी ठिकाणी साल नाही, माणसाचे पूर्ण नाव नाही. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकातली माणसे, गावे आणि तारखा शोधून काढल्या व 1989 साली टिपांसह नवी आवृत्ती तयार केली. आईने लिहावे म्हणून मुलगा मागे लागला होता. आजीचे लिहिलेले नीट समजावे म्हणून नातू कामाला लागला.

स्वाध्याय

1. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे किती कडक होते?
2. टिळकांबरोबर संसार करणे सोपे का नव्हते?
3. लेखकाला लक्ष्मीबाईंचे कोणते धाडस सर्वांत मोठे वाटते? तुम्हाला कोणते वाटते?
4. तुमच्या दादीला किंवा नानीला तिच्या लहानपणची एक आठवण विचारा. ती सांगेल त्याच शब्दांत आधी उर्दूत लिहा आणि मग मराठीत दहा वाक्ये लिहा.