कॉफी मशीन, कळंब्याचं पाणी आणि फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल

लग्नाच्या हॉलमध्ये जेवणानंतर फुस्स करणाऱ्या मशीनची 'एक्स्प्रेसो' आपण सगळेच प्यायलो आहोत. मित्रहो, ती खरी एस्प्रेसो नव्हेच! दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीत वाफ सोडून आणलेला तो फेस. खऱ्या एस्प्रेसोत बारीक दळलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी सुमारे ९ बार दाबाने २५-३० सेकंदांत जातं. त्यासाठी घरगुती मशीनमध्ये छोटा बॉयलर, पंप, अरुंद नळ्या आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. आणि क्षार नेमके तिथेच बसतात.

आमच्या कळंब्यात कुणाकडे तलावाचं पाणी येतं, कुणाच्या अपार्टमेंटला बोअरचं. तलावाचं पाणी मुख्यतः पावसाचं, त्यामुळे ते सहसा हलकं. बोअरचं पाणी मात्र माती आणि खडकातून मुरत आलेलं. वाटेत त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून बायकार्बोनेट तयार होतात. घरी आई म्हणते, "पाणी जड आहे, डाळ शिजत नाही," ते हेच. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागे राहतो. गीझरच्या कॉइलवर तो सर्वांनी पाहिला असेलच. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर या थराची जेमतेम १-२. म्हणजे कॉइल आतून तापत राहते, पाण्याला उष्णता उशिरा पोचते आणि थर्मोस्टॅटही फसतो. कॉफी कधी आंबट, कधी करपट लागू लागते आणि दोष कॉफीच्या पुड्याला जातो!

मग मशीन किती दिवसांनी साफ करायचं? माहितीपुस्तिकेत दोन-तीन महिने लिहिलेलं असतं, पण ती कळंब्याचं पाणी बघून छापलेली नसते. इथे फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल कामाला येतं. ५० मिली पाणी, बफर, इरिओक्रोम ब्लॅक-टी, आणि ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए. वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. समजा १५ मिली लागलं, तर काठिण्य ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर. (भारतीय मानक १०५००, २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्याला २०० ही स्वीकार्य मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.) तेच पाणी उकळून, गाळून पुन्हा टायट्रेट करा. आता समजा ८० आलं, तर फरक २२० हे तात्पुरतं काठिण्य. मशीनचं दुखणं तेवढंच. टीडीएस मीटर यात उपयोगाचा नाही; तो मिठालाही मोजतो.

रोज १ लिटर पाणी वापरलं तर वर्षाला ८० ग्रॅम होतात. त्यातला चौथा हिस्सा जरी आत बसला तरी २० ग्रॅम! १ ग्रॅम थराला साधारण १.३ ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड लागतं. लिटरभर कोमट पाण्यात २५ ग्रॅम पुरे. ते उकळू नका. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि तोच नवा थर बनतो. द्रावण टाकीत भरून थोडं ग्रुपमधून, थोडं वाफेच्या नळीतून काढायचं, मशीन बंद करून १५-२० मिनिटं थांबायचं, पुन्हा तेच. नंतर दोन टाक्या स्वच्छ पाणी. निळा लिटमस लाल होत असेल तर अजून एक टाकी. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्लाला जास्त वेळ आत ठेवू नये, कंपनीने दिलेलंच द्रावण वापरावं. दोन बॉयलरच्या मोठ्या मशीनला घरी हात न लावलेला बरा, कारण सुटलेला खपला व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

संडास धुण्याचं ॲसिड मात्र चुकूनही नको! ते हायड्रोक्लोरिक, त्यातलं क्लोराइड स्टीललाही खड्डे पाडतं, आणि उरलेले थेंब आपल्या कपात येतात.

जाळीवरचा काळा चिकट थर हा वेगळा विषय. ते कॉफीचं तेल. त्याला आम्ल नव्हे, अल्कधर्मी पावडर लागते. दुधाची नळी तर लगेच ओल्या फडक्याने पुसायची, वाळल्यावर ते सिमेंट होतं.

बोअरचं पाणी आदल्या रात्री उकळून ठेवलं आणि सकाळी वरचं निवळ पाणी गाळून टाकीत घातलं, तर बराचसा थर पातेल्यातच राहतो. पातेलं घासता येतं, बॉयलर नाही. नुसतं आरओचं पाणी घालण्याआधी माहितीपुस्तिका बघा. काही मशीनमधला पातळी ओळखणारा सेन्सर पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालतो. फार शुद्ध पाणी त्याला दिसतच नाही आणि टाकी भरलेली असूनही तो रिकामी समजतो.