रिमोट दाबला, पण शटर हलेना!

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ग्रीसने माखलेला मेकॅनिक आणि "उद्या या" हे उत्तर आठवतं. इथे मात्र मला म्हणायचंय ते घराला लागून असलेलं गाडीचं गॅरेज. त्याला मोटरवर चालणारं रोलिंग शटर आणि हातात रिमोट. हा रिमोट बंद पडला की लोक दोनच गोष्टी करतात. बटण आणखी जोरात दाबतात, नाहीतर "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवतात. मित्रहो, आपण इंजिनिअर होणार! आपण आधी दोष कुठे आहे ते शोधायचं. (माझं सायन्स शाळेपासून इंग्रजीत झालंय. मराठी शब्द सापडला नाही तिथे इंग्रजीच ठेवलाय, मॅडम, सांभाळून घ्या.)

ही एक साखळी आहे : सेल, बटण, ट्रान्समीटर, हवा, अँटेना, रिसीव्हर, कंट्रोल बोर्ड, मोटर. पहिल्या कडीपासून एकेक तपासत बसायची गरज नाही. मधोमध तोडायची.

१) भिंतीवरचं बटण दाबा. शटर हललं तर मोटर आणि वीजपुरवठा ठीक. हललं नाही तर रिमोट निर्दोष आहे, त्याला सोडा. शटर उघडतं पण खाली येत नाही? मग फोटोसेल सेन्सरवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे का बघा. सेन्सरला जंपर टाकून फसवायचा जुगाड कृपया करू नका. शटरखाली लहान मूल असू शकतं.

२) दुसरा रिमोट वापरा. तो चालला तर रिसीव्हर ठीक, दोष पहिल्या रिमोटमध्ये. दोन्ही बंद असतील तर रिसीव्हर, अँटेना किंवा मधली हवा.

एवढ्या दोन चाचण्यांत, स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता, निम्म्याहून जास्त साखळी बाद होते.

३) दोष रिमोटमध्ये असेल तर आधी सेल. बऱ्याच रिमोटमध्ये करंगळीच्या पेराएवढा १२ व्होल्टचा सेल असतो, काहींत ३ व्होल्टचा चपटा. मल्टीमीटरवर नुसते १२ दिसले म्हणजे सेल ठणठणीत असं नाही. बटण दाबलेलं असताना मोजा. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि लोड आला की व्होल्टेज बसतं. फर्स्ट इयरचा V = E − Ir इथे भेटतो! लाल एलईडी लागला यावरही विसंबू नका, तो कमी व्होल्टेजवरही पेटतो. पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर गंज चढतो. तो खरवडा, आणि बटणाखालचा काळा पॅड खोडरबराने हलकेच पुसा.

टीव्हीचा रिमोट आपण मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून तपासतो. ती युक्ती इथे चालत नाही. हा रिमोट इन्फ्रारेड नाही, रेडिओ लहरी सोडतो, आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या. म्हणजे तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, आणि तिचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर. रिसीव्हरमधून लोंबणारी वायर साधारण एवढीच का असते ते आता कळलं असेल. ती अँटेना आहे, "फालतू वायर" म्हणून कापू नका.

४) सेल नवा, तरी चालत नाही? मग कोड. जुन्या प्रकारात डिप स्विच असतात. ८ स्विच म्हणजे २५६ कोड, आणि दोन्हीकडे मांडणी एकच हवी. नव्या प्रकारात रोलिंग कोड असतो. प्रत्येक दाबाला कोड बदलतो आणि रिसीव्हर मोजणी ठेवतो. घरातल्या बाळाने दूर बसून बटण वीस-पंचवीस वेळा दाबलं की मोजणी चुकते. कीलॉक पद्धतीत १६ पर्यंतचा फरक रिसीव्हर चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर शटरजवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबा, बहुतेक वेळा जुळतं. नाहीच जुळलं तर मॅन्युअल वाचून लर्न बटण वापरा. बऱ्याच बोर्डांवर ते जास्त वेळ दाबलं की सगळेच रिमोट पुसले जातात.

५) जवळून चालतो, लांबून नाही? मग हवेतला गोंगाट. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर नव्या रेडिओ यंत्रणेची चाचणी झाली, तेव्हा आसपासच्या घरांचे गॅरेज रिमोट चालेनासे झाले होते. दोघांची फ्रिक्वेन्सी एकाच पट्ट्यात होती.

आमच्या मावशीकडे नाशिकला हवाई तळाची गरज पडली नाही. तिच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, पहाटे साडेपाचला. नेमकं तेव्हाच शटर उघडेना. दुरुस्तीवाल्याने फोनवरच नवा बोर्ड सांगितला, साडेचार हजार. मी विचारलं, "मावशी, दुपारी चालतो का गं?" दुपारी व्यवस्थित चालत होता! म्हणजे अंधारात असं काय बदलतं? पोर्चमधला दिवा. रिसीव्हरच्या शेजारी नवा स्वस्त एलईडी दिवा लावला होता आणि त्याच्या आतलं सर्किट रेडिओ गोंगाट करत होतं. दिवा बंद केला, शटर उघडलं. लावला, बंद. तीनदा करून बघितलं. दिवा बदलला, बोर्ड तोच राहिला.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सेल, दिवा आणि कोड एकदम बदललेत तर शटर चालेलही, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. मोटरचं शटर हाताने उघडायची सोय असते : साखळी, हँडल किंवा किल्ली. मावशीच्या घरात ती किल्ली कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. या सुट्टीत घरी गेलात की शोधा, मेन स्विच बंद करून एकदा वापरून बघा, आणि आजी-आजोबांनाही दाखवून ठेवा.