मूल घराबाहेर पडते तेव्हा

बरकतपुरा, हैदराबाद



मूल शिकून-सवरून घराबाहेर पडते तेव्हा आईवडिलांना एकाच वेळी दोन गोष्टी वाटतात आणि दोन्ही खऱ्या असतात. हैदराबादेत हे चिलकूरला पाहायला मिळते. उस्मानसागरजवळच्या या देवाला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. मागणे मागताना 11 प्रदक्षिणा आणि ते फळाला आले की 108, असा तिथला रिवाज. मुलाच्या व्हिसासाठी त्याच्या पाठोपाठ फेऱ्या घालणारी आई व्हिसा मिळाल्यावर देवापुढे साखर ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मुलाने जावे हीही तिचीच इच्छा आणि ते जाणार याचे दुःखही तिचेच. त्या रडण्याचा अर्थ ‘जाऊ नको’ असा मुळीच नसतो. मुलाने तसा अर्थ काढला की त्याला अपराधी वाटू लागते, ते वाटणे टाळायला ते फोन कमी करते, आणि मग खरोखरच अंतर पडते.

इथल्या मराठी घरांना ही ताटातूट नवी नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि औरंगाबादला विद्यापीठ झाले ते 1958 साली. तोवर नांदेड-परभणीकडची पुष्कळ मुले शिकायला काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरत. विचारवंत नरहर कुरुंदकर सिटी कॉलेजात शिकायला आले ते मामा ना. गो. नांदापूरकर यांच्या घरी राहिले; नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. त्या काळी मूल बहुधा असे एका घरातून दुसऱ्या घरात जाई. त्याच्या ताटात काय पडते, रात्री दार कोण उघडते, हे गावाकडे आईला ठाऊक असे. शिवाय एक गेले तरी मागे तिघे-चौघे असत. आता घरात एक नाहीतर दोन मुले. त्यातले एक डॅलसला अनोळखी मुलांबरोबर खोली घेऊन राहते आणि घर एका दिवसात रिकामे होते. आजचे आईवडील पूर्वीच्यांपेक्षा हळवे झालेले नाहीत; त्यांच्यावर येणारा भार वाढला आहे.

त्यात वेळही अवघड येते. अमेरिकेतले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणून बोनालू सणाच्या आषाढात बॅगा भरल्या जातात आणि गौरी-गणपती येतात ते थेट सुन्या घरात. बॅगांचे काम बहुतेक घरांत वडील अंगावर घेतात. 23 किलोच्या दोन बॅगा. काट्यावर आकडा जरा पुढे गेला की भाजणीचा पुडा काढायचा, मेतकूट राहू द्यायचे, कुकरच्या पोटात मोजे कोंबायचे, पुन्हा उचलून वजन पाहायचे. आठवडे-आठवडे हे चालते. बोलून न दाखवणाऱ्या बापाला माया करायची तेवढीच रीत येते, आणि शमशाबादच्या विमानतळावर बॅगा आत गेल्या की त्याच्या हाताला काम उरत नाही. आई रडते, तिला शेजारणी विचारतात, बहिणी फोन करतात. बापाला कोणी विचारत नाही. पहिल्या महिन्यात त्याची चौकशी मुलाने वेगळी करावी.

सोबत गेल्याच्या दुःखाइतकेच काम गेल्याचे दुःख मोठे असते. वीस-बावीस वर्षे घराच्या वेळा मुलाभोवती बांधलेल्या असतात. कणीक कितीतरी दिवस तिघांचीच मळली जाते. दुधाच्या पिशवीवाल्याला ‘उद्यापासून एकच’ असे सांगणे लांबणीवर पडते. आईचे शरीर बदलण्याची, वडिलांच्या निवृत्तीची आणि आजीआजोबांच्या आजारपणाची वर्षेही बहुधा हीच असतात. सारे एकदम अंगावर येते.

बहुतेकांच्या बाबतीत हे दिवस सरतात. अमेरिकेतल्या काही स्त्रियांची 18 वर्षे पाहणी करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुले बाहेर पडल्यावर त्यांचे संसारातले समाधान वाढलेले दिसले. नवराबायकोला एकमेकांसाठी वेळ जास्त मिळाला असे नव्हे, मिळाला तो अधिक सुखाचा गेला. मात्र झोप, जेवण, बाहेर जाणे हे सारे कित्येक आठवडे विस्कटलेलेच राहिले, तर ‘आठवण येते आहे’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलि-मानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करून बोलता येते, पैसे पडत नाहीत.

फोन रोज नसला तरी चालेल, पण ठरलेला असावा. उन्हाळ्यात डॅलस हैदराबादच्या साडेदहा तास मागे असते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेअकरा. त्या दिवशी नवी वेळ आधीच सांगून ठेवावी, नाहीतर दोघे तासभर फोनकडे बघत बसतात. बोलताना काही विचारावे. ‘जेवलास का?’, ‘हो’, एवढ्यावर संपणाऱ्या फोनने कोणाचेच पोट भरत नाही. आमटीत चिंच कधी घालायची, भाड्याच्या करारातली ही अट बरी आहे का, असे खरोखर अडलेले विचारले की त्यांचे गेलेले काम थोडे परत येते. ओढूनताणून विचारलेले त्यांना लगेच कळते. ताप आला, पेपर वाईट गेला, तर तेही सांगावे. वाईट बातमी आईवडील सोसतात. ती तिसऱ्याकडून कळणे त्यांना सोसत नाही.

कर्जाबद्दल गप्प राहणे विशेष वाईट. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका बहुधा तारण मागतात, सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते आणि पुष्कळदा तारणात राहते घरच असते. नोकरी लांबली तर ते त्यांना पहिल्यांदा कळले पाहिजे.

याच शहरात गच्चीबावलीला फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलांनाही हे सारे लागू आहे. तिथे ‘जवळच तर आहे’ म्हणून भेट रविवारमागून रविवार पुढे जाते, आणि परदेश नसल्यामुळे आईवडिलांना तक्रार करायलाही जागा राहत नाही.

पहिल्यांदा परत येताना एक ध्यानात असावे. मुलाच्या खोलीत शिलाई मशीन आलेले असेल, अभ्यासाच्या टेबलावर वडिलांच्या औषधांचा डबा असेल, आणि संध्याकाळी सहाला दोघे भजनाला किंवा फिरायला निघून जातील. त्याबद्दल मुलाने रुसू नये. त्यांच्याबरोबर जायचे असेल तर जावे, नाहीतर चहा करून ठेवावा.

तुझा मामा